सगळ्यांना एकदम

मोबाईलवर वाढदिवसाचा मेसेज आला, की मांडवगणच्या घरातली ती सकाळ आठवते. धाकटा भाऊ अपघातात जाऊन काही महिने झाले होते, तरी आई त्याचा फोन चार्ज करून ठेवायची. ती कांदा परतत असताना तो वाजला. भाऊ कामाला होता त्या कंपनीनं लिहिलं होतं, 'वाढदिवसाच्या शुभेच्छा! आपणास दीर्घायुष्य लाभो.' आईच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं आणि करपल्या कांद्याचा वास घरभर पसरला. मी तडक शिरूरला कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिथला कॉम्प्युटरवाला म्हणाला, "सगळी नावं एका ॲरेत, म्हंजे यादीत हायेत, मेसेज धाडणारं फंक्शन त्यातल्या प्रत्येकाला लागतं. एकट्यासाठी कोण बदलणार?" मी स्वतः प्रोग्रामर. म्हणालो, "गेलेली माणसं आधी गाळायची, एका ओळीचं काम आहे. मी लिहून देतो." तो नुसता हसला. घरी येऊन मी तणतणलो, तर आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्याची आठवण काढणारं दुसरं कोन हाय?" आता नव्या पोरांना शिकवताना मी सांगतो, की फंक्शनला माणूस जिवंत आहे की गेला, हे कळत नाही. माणसांना ते कळत होतं, तरी त्या दिवशी आमच्याकडे दुसऱ्या कुणाचाही फोन आला नव्हता.