बाहुल्यांना भेटण्याची वेळ

पर्यटकांविषयी माझ्या मनात कधीही आकस नव्हता. त्यांनी आमच्या गल्लीत येऊ नये, एवढीच माझी माफक अपेक्षा होती. म्हैसूरच्या अग्रहारासारख्या जुन्या वस्तीत राहणाऱ्या माणसाने दसऱ्यात याहून कमी काय मागावे? रहिवासी समितीचा अध्यक्ष या नात्याने मी ठरावही मंजूर करून घेतला: पर्यटकांनी जगभर खुशाल हिंडावे, मात्र दुपारी रहिवाशांना झोपू द्यावे.

त्याच संध्याकाळी सूनबाईंनी आमच्या नवरात्राच्या बाहुल्यांचा फोटो मोबाइलवरून जगाला दाखवला. खाली घराचा पत्ता आणि ‘सर्वांचे स्वागत’. (या सर्वांत मी धरलेला नव्हतो.)

दुसऱ्या दिवशी जेवून हात धुतो न धुतो तोच दारात चपलांचा ढीग! मी दार लावू लागलो.

“अय्यो री, गोंबे बघायला आलेल्यांवर दार लावतात काय?” पत्नी कडाडली. “देवीला काय वाटेल?”

“देवीसुद्धा या वेळी झोपत असेल!”

“तुम्ही सुम्ने बसा बघू!”

(री म्हणजे अहो, गोंबे म्हणजे बाहुल्या आणि सुम्ने म्हणजे गप्प. मी हुकूम शब्दशः पाळला.) पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्यांशेजारी माझी खुर्ची असते. तीत मी निषेध म्हणून ताठ बसलो. अंगात काळा कोट, डोक्याला जरीचा पेटा. पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते, म्हणून नवरात्रात मी घरातही असाच वावरतो. लोक ओशाळून निघून जाईपर्यंत पापणीही हलवायची नाही, असा निर्धार केला.

कोणीही ओशाळले नाही. नागपूरचे एक कुटुंब माझ्यासमोर येऊन थांबले.

“अहो, हा बघा केवढा मोठा! कोट तर अगदी खरा वाटतोय.”

“चेहरा मात्र फारच रागीट केलाय,” गृहस्थ म्हणाले. “कारागिराचं घरी बिनसलं असेल.”

मी हललो नाही. हलणे म्हणजे माघार! त्यांच्या मुलीने माझी मिशी ओढून पाहिली, तरीही नाही. मग बाईंनी भक्तिभावाने मला कुंकू लावले. ते भुरभुरत नाकात गेले आणि मी शिंकलो.

“आई, बाहुला शिंकला!”

मुलगी किंचाळली, गृहस्थ मागे सरले आणि थेट चकल्यांच्या ताटात बसले!

“घाबरू नका हो,” पत्नी धावत आली. “ते गोंबे नव्हेत, आमचे यजमान आहेत!” एवढे बोलून तीच हसत खाली बसली.

त्या गोंधळात मी तडजोड पदरात पाडून घेतली. बाहुल्या चार ते सहा सर्वांना खुल्या. त्याआधी घरात शांतता. पत्नीने तत्काळ मान्य केले. (तेव्हाच मला संशय यायला हवा होता.)

दुसऱ्या दुपारी मी उत्तम झोपलो. चारच्या ठोक्याला बाहेरून आवाज आला, “तो शिंकणारा बाहुला कुठे आहे?”

“मी येणार नाही,” मी आतून बजावले.

“वेळ तुम्हीच ठरवलीत की री,” पत्नी म्हणाली. “चार वाजले.”

मी पेटा चढवला. आता दररोज चार ते सहा मी पर्यटकांसाठी खुला असतो. रहिवासी म्हणून माझे हक्क सहानंतर सुरू होतात.