एक लेखी तक्रार

किस्से शोधत हिंडावं लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात सहा महिने काढून बघावेत. घराच्या भिंतीला टेप लावला की माणूस पोटातलं सगळं बोलतो. आपण फक्त आकडे लिहून घ्यायचे, बाकीचं आपोआप साठत जातं.

पन्नास सालानंतर मी बारामतीत ओव्हरसिअर म्हणून लागलो. नेमणूक हंगामी. हेडक्लार्क अण्णांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "तुमच्याविरुद्ध एक लेखी तक्रार आली, की बिस्तरा गुंडाळायचा." आणि काम काय, तर लोकांना त्यांच्याच पडव्या पाडायला सांगायचं! इंदापूरला आई आणि लग्नाची बहीण माझ्या पगाराकडं डोळे लावून बसलेल्या. त्या गावानं मला कसं सांभाळून घेतलं, ते आठवलं की आजही बरं वाटतं.

*

पहिली मोहीम माळी आळीत. रस्त्याच्या कडेला सहा फुटांची पडवी चालायची. मी सात घरं मोजली, सातही पडव्या सात-सात फूट. गुन्हेगारांची आळीच सापडली म्हणून मी खूश. त्याच दुपारी सात नोटिसा लिहून शिपाई गेनबाच्या पिशवीत टाकल्या.

संध्याकाळी रामूआबा गवंडी कचेरीत आले. चारचौघांत काही बोलले नाहीत. मला बाहेर लिंबाखाली नेलं आणि म्हणाले, "सायेब, ती सातबी घरं मी बांधल्यात. माझा हात येका घरात चुकंल. सात घरांत येकसारका कसा चुकंल?"

मी टेप उलगडला. त्याचा पहिला फूट कधीचाच तुटून गेला होता. जुने ओव्हरसिअर एकाच्या खुणेवर धरायचे आणि शेवटी एक वजा करायचे. ते कुणी मला सांगितलं नव्हतं आणि मीही बघितलं नव्हतं.

नशीब, बाजाराचा दिवस म्हणून गेनबानं नोटिसा वाटल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरचा पाण्याचा बंब जरा लवकर तापला, एवढंच मला माहीत आहे. सात तक्रारी टळल्या. आबा हयात असेपर्यंत मी त्यांना वाकून नमस्कार करत होतो, तो उगीच नाही.

*

वडगाव निंबाळकरच्या एका तात्यांनी बारामतीत जागा घेतली होती. उसाचा पैसा हातात आला होता आणि घर बांधायचं होतं. नकाशा आणा म्हटलं, तर तात्यांनी स्वतःच काढून आणला. त्यात लिंबाचं झाड होतं, आड होता, पूर्वेच्या कोपऱ्यात शिंगांसकट एक म्हैस होती. भिंती मात्र नव्हत्या.

"तात्या, भिंती कुठं आहेत?"

"भितींचं काय, त्या व्हनारच की. पर म्हस कुठं बांधायची ह्यावरनं भावात आन् माझ्यात दोन वरसं बोलनं न्हाय. तेवढं सरकारी शिक्क्यानं पक्कं करून द्या."

म्हशीला परवानगी द्यायचं कलम आमच्याकडं नव्हतं. अण्णांनी चष्मा वर केला, नकाशा बघितला आणि शेरा मारला: 'जनावर पूर्वेस. हरकत नाही.' वर गोल शिक्का! भावानं तो शिक्का बघून तोंड उघडलं म्हणे, आणि पहिलं वाक्य बोलला ते, "मग वैरन कुठं ठिवायची?"

*

पेठेतल्या एका दुकानदाराचा ओटा तीन फूट रस्त्यावर. पाडायला गेलो, तर ओट्यावर घोंगडं टाकून त्याचे नव्वदीचे वडील बसवलेले. दुकानदार हात जोडून म्हणाला, "आबा उठले की खुशाल पाडा."

नऊ वाजता गेलो होतो. बारा वाजले. आबा काही हलेनात आणि म्हाताऱ्या माणसाला उठा म्हणायची माझी छाती होईना. शेवटी त्यांनीच हाक मारली, "आरं, कशापायी उन्हात हुबा ऱ्हायलाय?"

मी सगळं सांगितलं. आबा पोरावर भडकले. "व्हय रं, मला सांगितलंस हवा खा म्हनून! सायेब, पाडा ह्यो. चढताना गुडघं मोडत्यात माझं." आणि गेनबाचा हात धरून स्वतःच खाली उतरले.

*

गेनबाचं आता सांगतोच. त्याचे वाडवडील मेंढरं घेऊन फिरायचे. घर बांधणारा घरातला तो पहिला. हौसेनं बांधलं आणि हौसेच्या भरात दीड फूट पुढं आलं. नोटीस काढावी लागली. नोटीस पोचवायचं काम गेनबाचंच. मी मान खाली घालून ती त्याच्या हातात दिली.

संध्याकाळी त्याचा अहवाल आला: 'घरधनी ड्युटीवर असल्याने घरी मिळून आले नाहीत. सबब नोटीस दारावर डकवली.'

पुढच्या आठवड्यात त्यानं दोन दिवसांची रजा टाकली आणि दीड फूट स्वतःच्या हातानं उतरवला.

*

मला कायम करायचा कागद चीफसाहेबांच्या टेबलावर गेला आणि त्याच आठवड्यात तक्रार आली. लेखी. कऱ्हा नदीकडच्या आळीतून, जिथं मोटा आणि वहाणा शिवणाऱ्यांची घरं होती. अर्जदार सोनाबाई. दोनच दिवसांपूर्वी मी तिची भिंत मोजली होती आणि ती नऊ इंच रस्त्यावर निघाली होती. संपलं सगळं, म्हटलं.

साहेबांनी कागद पुढं केला. 'ओव्हरसिअरसाहेब आमचे आळीत दोन वेळा आले. चार चार तास उन्हात उभे राहिले. आम्ही पाण्याचा तांब्या पुढे केला असता घेतला नाही. असे वागणे आता कायद्यात बसत नाही. तरी चौकशी व्हावी.'

ज्याच्या घराला टेप लावायचा त्याच्याकडं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, असा माझा नेम होता. पेठेत नाही, माळी आळीत नाही, कुठंच नाही. चहा पिऊन भिंत सोडली असं कुणी म्हणू नये म्हणून. त्याचा मला भारी अभिमान. पण त्या आळीत तांब्या नाकारल्यावर ते कसं दिसेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लेखी खुलासा द्या," साहेब म्हणाले.

"आधी जाऊन येतो," म्हटलं.

सोनाबाई दारात चामड्याला तेल लावत बसली होती. मी म्हटलं, "बाई, पाणी द्या." तिनं माझ्याकडं नीट बघितलं आणि तांब्या भरून आणला. मी तो रिकामा केला, आणखी एक मागितला. मग बसून माझा नेम सांगितला.

"मग तसं त्याच दिशी बोलायचं व्हतं की," ती म्हणाली. "आमाला काय सपान पडतंय व्हय?"

गेनबा मागून माझा सदरा ओढत होता. त्याचं म्हणणं, आता निघा, तक्रार मागं घेईल बाई. पण माझ्याच्यानं राहवेना.

"बाई, भिंत मात्र नऊ इंच बाहेर आहे. ती पाडावी लागेल."

तिनं माझ्या हातातला तांब्या घेतला. "पाडा की," ती म्हणाली. "भितीचं कुठं काय लिवलंय आमी त्यात?"