निवळीवाले मामा

"तोंड मिटा, सर. नाक हाय की." जिना चढून मला धाप लागली की मामा ओठांवर बोट ठेवून एवढंच म्हणायचे.

ते आमच्या तेर गावच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळायचे. शाळेतल्या सेवकाला सगळे मामा म्हणतात, तसे हेही मामा. विज्ञान मी शिकवायचो, पण पोरांच्या लक्षात राहायचं ते मामांचं. ते पोरांना नळीनं चुन्याच्या निवळीत फुंकायला लावायचे. निवळी दुधाळ झाली की म्हणायचे, "ह्यो बघा, सकाळच्या भाकरीचा धूर. आत चूल पेटलीय म्हणून जीव हाय." चयापचयाची याहून सोपी व्याख्या माझ्या पुस्तकात नव्हती.

पुढं मोबाइल आला आणि मामा बिघडले. माणूस गरजेपेक्षा जास्त श्वास घेतो आणि कार्बन डाय-ऑक्साइड वाया घालवतो, असं त्यांनी कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं. झालं! "सर, पुस्तकात ह्याला टाकाऊ म्हणत्यात. टाकाऊ कसा? ऑक्सिजन रगतात बसून ऱ्हातो, उतरायचं नाव घेत न्हाय. ह्यो कंडक्टर हाय. ह्यानं घंटी मारली की मगच पाशिंजर उतरतंय." शास्त्र तेवढ्यापुरतं बरोबर होतं, हीच पंचाईत. मला खोडून काढता येईना.

अणदूर, जळकोटहून लोक यायला लागले. मामा त्यांना ओट्यावर बसवून सावकाश श्वास घ्यायला शिकवायचे आणि वर घरचा चहा पाजायचे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना हसावं वाटतं, पण चहा संपेपर्यंत आपणही तोंड मिटून बसलेलो असतो.

मामींना जुना दमा होता. या श्वासानं त्यांना उतार पडला, हे मी शेजारी म्हणून पाहिलंय. महिनाभर औषधाचा पंप ओढावा लागला नाही. मामांना तेवढंच पुरे होतं.

एका रविवारी मागच्या वावरात सोयाबीनची मळणी सुरू झाली. भुसा उडाला आणि मामींचा दमा उसळला. आरडाओरडा ऐकून मी गेलो, तर मामा समोर बसून बोटांवर मोजत होते, "हळू... तोंड मीट... हळू..." मामींचे ओठ काळेनिळे पडत चालले होते.

"मामा, पंप कुठंय?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "शाळंत."

मामींची सवय सुटावी म्हणून त्यांनी पंप प्रयोगशाळेच्या कपाटात, परीक्षानळ्यांच्या मागं ठेवून दिला होता. मी गाडी बाहेर काढेपर्यंत ते कमरेची किल्ली मुठीत धरून पळत सुटले होते. वाटेत गाठून मी त्यांना मागं बसवलं. परत येईपर्यंत त्यांचं तोंड सताड उघडं होतं.

मामी वाचल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "श्वास सावकाश घ्या, चांगलंच आहे. पण औषध कुणाला विचारून बंद केलंत?" मामांनी खाली घातलेली मान घरी येईपर्यंत वर केली नाही. मला त्यांचा रागही आला आणि दयाही.

त्यांनी शिकवणं सोडलं नाही. पण त्यानंतर आलेल्या प्रत्येक दमेकऱ्याला आधी विचारायचे, "पंप जवळ हाय का? दावा." आणि दाखवल्याशिवाय बसू द्यायचे नाहीत.

गेल्या वर्षी मामा एका सकाळी ओट्यावर बसल्या बसल्या गेले. बुद्धवंदना झाली, पांढऱ्या कपड्यांतली माणसं मामांना घेऊन निघाली, आणि रडता रडता मामींचा श्वास कोंडला. बायका पंपासाठी फडताळ, उशी, पिशव्या उलथ्यापालथ्या करू लागल्या. मामींना बोलता येईना. त्यांनी नुसतं खुंटीकडं बोट केलं.

तिथं मामांचा निळा सदरा होता. वरच्या खिशात पंप होता.

मी तो काढून दिला. मामींनी दोनदा ओढला. मग तोंड मिटून, खुंटीवरच्या सदऱ्याकडं बघत, नाकानं हळूहळू श्वास सोडला.