तीन सेकंदांचं माप

मला फसवलं ते ऊस गाळायचा जुना चरक विकणाऱ्या शिरूरच्या व्यापाऱ्याने नाही, दौंडहून आलेल्या तपासनिसाने. माझ्या गुऱ्हाळासाठी चरक घेण्याआधी त्याची थरथर मोजायला मीच या तपासनिसाला नेलं होतं. त्याने रुमालाने बेअरिंगवरचं वंगण पुसलं आणि वैद्य नाडी बघतो तसा सेन्सर टेकवला. शेजारी पाण्याच्या पंपाचं डिझेल इंजिन धडधडत होतं. व्यापाऱ्याने चरक सुरू केला, पण तीन सेकंदांतच थांबवला.

लॅपटॉपवर थरथरीच्या आलेखात एकच पसरट उंचवटा उमटला. तपासनीस हळूच म्हणाला, "आप्पा, एवढ्याशा मापात जवळजवळचे दोन सूर एकात मिसळत्यात. चांगल्या बेअरिंगच्या सुरात खराब बेअरिंगचा लपला असंल. मिनिटभर चालवायला सांगा, आन् ते इंजिन बंद करा."

"मिनिटभर काय भजन ऐकायचंय व्हय?" व्यापारी हसला आणि त्याने चहा मागवला.

तपासनिसाने चहा प्याला, मान खाली घातली आणि कागदावर लिहिलं, 'ठीक'. मी भाव पाडण्यात गुंतलो होतो, त्याचं मघाचं बोलणं मागे पडलं. तो शब्द वाचला आणि सौदा केला.

ऐन हंगामात बेअरिंग फुटलं. तोडलेला ऊस माझ्या डोळ्यांदेखत वाळला.

व्यापारी व्यापाऱ्यासारखा वागला. पण तपासनीस, बेअरिंग कसं आहे ते तुम्हाला कळलं नव्हतं, हे तुम्हाला पक्कं कळलं होतं. मग तेवढंच का लिहिलं नाहीत? समोर येऊन सांगा.