डायलिसिसच्या दारातले फेटे

बायकोचं डायलिसिस तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात व्हायचं. मशिनं चालवायला एका खासगी कंपनीला दिलेली. एक दिवस दारावर कागद लागला: पुढच्या महिन्यापासून दुपारची पाळी बंद. तिची पाळी तीच, आणि सकाळी जागा नाही. म्हणजे आठवड्यातून दोनदा एसटीनं सांगली. एकदा गेलो होतो, तर परतीला ती स्टँडच्या फरशीवरच बसली. उठवेना.

कंपनीचा इथला मॅनेजर भला माणूस. म्हणाला, "माझ्या हातात काही नाही. पण शुक्रवारी मुंबईहून फंडाचे लोक येतायत. लोकांच्या पेन्शनचा पैसा त्यांनी कंपनीत गुंतवलाय. वरचे साहेब त्यांचंच ऐकतात. त्यांनी समाजकार्याचं विचारलं म्हणून तर ही भिंत रंगली, झाडं लागली. चाळीस मिनिटं थांबतील. बोला."

बोलायचं मी, हे ठरलेलंच. लग्नात आभाराला मलाच उभं करतात. बसवायला मात्र दोघं लागतात. प्रश्न कागदावर लिहून खिशात ठेवला. पण दारात आलेला पाव्हणा बोडक्या डोक्यानं कसा जाईल? फेट्याचं मीच काढलं. बांधणाराही मीच, भावकीत माझा हात बरा म्हणून.

शुक्रवारी तिघं उतरले. पहिला फेटा झकास बसला. दुसऱ्या साहेबांचं डोकं मोठं. तुरा उभा राहीना, म्हणून सोडून पुन्हा बांधला. तिसऱ्या बाई. त्या "नको, नको" म्हणाल्या, पण आम्ही ऐकतोय होय! मग शाल, नारळ, तासगावचे बेदाणे. चुलतभाऊ मागून कोपरानं ढोसत होता.

"आरं गड्या, इचार की आता!"

"थांब रं, तुरा पडतोय."

खिशात हात घातला तेव्हा मॅनेजर घड्याळ बघत होता. बाई म्हणाल्या, "किती प्रेमळ माणसं! लोक समाधानी आहेत, हे अहवालात नक्की लिहू." झाडांपाशी फोटो झाला आणि गाडी सुटली. मी कागद नाचवत फाटकापर्यंत पळालो. त्यांनी काचेआडून हात हलवला. मीही हलवला. सवय, दुसरं काय!

आत बायको खाटेवर, हाताला नळ्या. खिडकीतून तिनं सगळं पाहिलेलं.

"इचारलंसा का?"

मी कागद दाखवला. घडीसुद्धा मोडली नव्हती.

तिनं मोकळ्या हातानं तो परत माझ्या खिशात घातला.

"फेटं लय झ्याक बांधलंसा," म्हणाली. "आवं, आता सांगलीची पयली गाडी कितीला हाय, तेवढं तरी इचारून या."