भरला डबा

पत्नी गेली आणि मी देव्हाऱ्याचं दार लावून घेतलं. रागाने नव्हे. तिच्या आजारपणात जे मागायचं होतं ते मागून झालं होतं आणि ते मिळालं नव्हतं. आता तिथे उभं राहून काय बोलायचं, ते कळत नव्हतं. तेरावं झालं, मुलगी पुण्याला परत गेली आणि महाळुंगे पडवळच्या घरात मी एकटा उरलो.

आमच्याकडे देवळामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रोज सकाळी स्वयंपाक होतो. वस्त्यांवर एकटी राहिलेली म्हातारी माणसं, अंथरुणाला खिळलेले, चुलीपुढे बसवत नाही असे, त्यांच्यासाठी भाकरी, भाजी, वरण-भात. आधी नैवेद्य, मग डबे. कोण कुठल्या घरातला, हे विचारायचं नाही. वर्तमानपत्रातली नोकरी संपवून आम्ही गावी आलो, तेव्हापासून पत्नी तिथे भाकरी थापत होती आणि मी स्कूटरवर डबे पोचवत होतो. दाराबाहेरच्या खिळ्याला आजचा डबा अडकवायचा, कालचा रिकामा काढून आणायचा, एवढंच काम.

एकदा एका वस्तीवरून डबा भरलेलाच परत आला. म्हातारा लेकाकडे गेला असेल, असं सगळ्यांनी धरून चाललं. म्हातारा घरातच होता. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्या दिवशी पत्नी जेवली नाही. दुसऱ्या सकाळी शेडमध्ये तिने सगळ्यांना सांगितलं, "भरला डबा दिसला की दार वाजवायचं. उघडलं नाही तर ढकलायचं. लोक काय म्हणतील, ते मी बघते." तेव्हापासून तो आमचा नियम झाला.

ती गेल्यावर मी शेडकडे फिरकलो नाही. माझी फेरी रामदासने घेतली. त्याच्या गायी आहेत; सकाळचं दूध घातलं की तो मोकळा असतो. मी चहा-बिस्किटांवर दिवस काढत होतो. भूक लागत नव्हती, आणि खरं सांगायचं तर लागावी अशी इच्छाही नव्हती.

एका दुपारी रामदास डबा घेऊन दारात उभा राहिला.

"कुणाचा रे?"

"तुमचा."

"चुकलास. मी डबे पोचवणारा माणूस. घेणाऱ्यांतला नाही."

"आमी कुठं काय म्हणलं? भरीत हाय. खावा, न्हाईतर मांजराला घाला. पण नाना, भाकरी आमच्या मंडळींची हाय. काकींसारखी न्हाई व्हत. तेवढं गोड मानून घ्या."

तो गेला. मी डबा उघडला नाही. उद्या त्याने उचलून न्यावा म्हणून तसाच बाहेर खिळ्याला अडकवला आणि आत येऊन सवयीने साखरेच्या आजाराची गोळी घेतली. ती गोळी पत्नी माझ्या हातावर ठेवायची, पण आधी ताट वाढायची. त्या दिवशी गोळी होती, ताट नव्हतं. थोड्या वेळाने दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले आणि मी ओट्याला टेकून खाली घसरलो. समोर बंद देव्हारा दिसत होता. मी काही मागितलं नाही. मागायचं सुचलंच नाही.

रामदास दुसऱ्या दिवशीच यायचा होता. पण त्याच्या फेरीच्या टोकाला सीताबाई राहते. तिची मुलं भोसरीला. ती वस्तीवर एकटी. डबा ती कधी रिकामा परत करत नाही. रिकामं भांडं देऊ नये म्हणून चिमूटभर साखर, एखादी मिरची, काहीच नसलं तर तुळशीचं पान त्यात ठेवते. त्या दिवशी तिने कुंपणाची लिंबं ठेवली आणि रामदासला बजावलं, "पेपरवाल्या पावण्याला दे. जोडीदार गेल्यावर तोंडाची चव जाती. माझा म्हातारा गेला तवा मी लिंबावर काढलं."

"उद्या देतो की, आजे. लई लांब पडतंय."

"उद्या माझ्या मयताला ये. लिंबं आजच दे."

म्हणून तो कुरकुरत मागे फिरला. लिंबं माझ्या डब्यात टाकून जावीत, म्हणून त्याने डबा उचलला. जड लागला. त्याने दार वाजवलं. मग ढकललं.

"नाना! ओ नाना!" एवढं मला ऐकू आलं. बाकीचं त्याने नंतर सांगितलं. त्याच्या वडिलांनाही साखर होती. त्याच्या लक्षात आलं. सीताबाईचं लिंबू पिळून साखरेचं पाणी त्याने मला चमच्या-चमच्याने पाजलं आणि शेजारच्या जीपमधून मंचरला नेलं. आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले.

घडलं तसं लिहिलं आहे. यातल्या प्रत्येक गोष्टीला साधं कारण सांगता येतं. फक्त एक गोष्ट मनातून जात नाही. रामदासने सांगितल्याप्रमाणे मी तो डबा मांजराला घातला असता, तर तो हलका लागला असता. लिंबं आत टाकून तो निघून गेला असता. मी गर्वाने परत केलेला घास आणि पत्नीने घालून दिलेला नियम, या दोहोंमधून माझ्याकडे वाट आली. ती कुणी काढली, हे मला सांगता येणार नाही.

घरी आल्यावर पुन्हा दुपारी डबा आला. या वेळी मी तो हातात घेतला. भाकरी खरंच तिच्यासारखी नव्हती. जाड होती, कडेला करपलेली. मी ती सगळी खाल्ली, आणि पत्नी गेल्यानंतर पहिल्यांदा रडलो. मग डबा घासला. रिकामा द्यायचा नव्हता आणि घरात काही नव्हतं. परसात तिने लावलेला कढीपत्ता होता. त्याची डहाळी तोडून आत ठेवली. हात धुऊन देव्हाऱ्याचं दार उघडलं, धूळ पुसली, दिवा लावला.

ती नाही, यात काही बदललेलं नाही. संध्याकाळ अजून जात नाही. पण मी पुन्हा डबे पोचवतो, आणि फेरीतला शेवटचा डबा माझा असतो. देवाकडे आता काही मागत नाही. वाढलेलं घ्यायला शिकतो आहे. खिळ्यावरून डबा काढताना आधी हाताला वजन बघतो. हलका लागला की म्हणतो, देवा, माणूस जेवलं. माझी प्रार्थना तेवढीच.