रिकाम्या खुर्चीवरची टोपी

एस.टी.त लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. लोटन तो रुमाल उचलायचा, घडी घालून मालकाच्या हातात द्यायचा आणि बसायचा. "माणूस नाही, म्हणजे जागा रिकामी," म्हणायचा. त्यापायी त्याने शिव्या खाल्ल्या. एकदा मारही.

हा माझा मित्र देवपूरच्या एका कॉलेजात तासांवर मराठी शिकवत होता. १९९३ साली तीच जागा कायमची भरायचं ठरलं. मिळाली तर नोकरी, नाही तर होते ते तासही बंद. संस्थेचे अध्यक्ष सुकदेवनाना. त्यांचा जावई याच जागेसाठी उमेदवार होता. एम.ए. त्याने कसंबसं पदरात पाडून घेतलेलं.

ज्याचा नातेवाईक उमेदवार, त्याने मुलाखतीला बसायचं नाही, असा नियम. नाना नियमाचे पक्के. सगळ्यांदेखत उठले आणि व्हरांड्यात, मी लोटनच्या सोबतीला बसलो होतो त्या बाकावर येऊन बसले. प्राचार्य दारापर्यंत पोचवायला आले. म्हणाले, "याला म्हणतात निःस्पृहता!" नानांचं डोकं मात्र उघडं होतं. टोपीशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो.

लोटनला आत बोलावलं. लगेच तो परत बाहेर आला. दोन्ही हातांत नानांची कडक इस्त्रीची पांढरी टोपी.

"नाना, तुमनी टोपी मझार राही गयी. खुर्चीवर."

"राहू दे ना भो तठेच. उकाडा शे."

"माणूस बाहेर शे, मंग टोपी मझार काय करस?"

नाना हसले. टोपी घेतली आणि शिपायाला हाक मारली. शिपायाने ती आत नेऊन पुन्हा खुर्चीवर ठेवली. दार उघडंच होतं. पीएच.डी. झालेली चार माणसं. एकानेही मान वर केली नाही. एका तज्ज्ञाने तर टोपीला धक्का लागू नये म्हणून आपली खुर्ची सरकवून घेतली.

लोटनला त्यांनी एकच प्रश्न विचारला. गाव कोणतं?

जावई एकमताने निवडला गेला. निवड झाली तेव्हा नाना खोलीत नव्हते, हे प्राचार्य वर्षभर सांगत फिरले.

मुलाखतीच्या त्या संध्याकाळी आम्ही धुळे स्टँडवर एस.टी.त चढलो. एका सीटवर रुमाल होता. लोटन दांडा धरून उभा राहिला.

"उचल ना, जागा रिकामी आहे," मी म्हटलं.

"राहू दे. तठे कोनी तरी बठेल शे."